दोन इंचांवर एक ठिपका

स्वच्छ काच हे सुसंस्कृत घराचं पहिलं लक्षण होय. काच इतकी स्वच्छ असावी की ती आहे हेच कळू नये. आणि कळलं नाही म्हणून कोणी तिच्यावर आपटलं, तर तो आपटणाऱ्याचा हलगर्जीपणा समजावा. या तत्त्वावर ती सात मजली इमारत उभी होती.

त्या गुरुवारी सकाळी चौथ्या मजल्यावर, बाल्कनीतल्या मोठ्या काचेच्या वरच्या भागावर थाडकन आवाज झाला. निवृत्त टेलरमास्तर चहा अर्धा टाकून उठले. वाचनालयात नोकरीला असलेली त्यांची लेक डबा भरत होती.

"गेली का?" तिने आतूनच विचारलं.

"नाही. बसलीय. चोच वासून श्वास घेतेय." मास्तरांनी चिमणीवर बुटांचं रिकामं खोकं अलगद पालथं घातलं. "तिला काचेत समोरचं झाड दिसतं गं. ती आपली झाडाकडेच निघालेली असते."

खालच्या भागाचा बंदोबस्त मास्तरांनी केव्हाच केला होता. काचेच्या बाहेरच्या अंगाने, मापाचा टेप लावून, कापडावर खुणा करायच्या खडूने दोन-दोन इंचांवर ठिपके, आडवे आणि उभे. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाच्या बाहीला अर्धा इंच सूट दिली नव्हती. चिमणीला देण्याचं कारण नव्हतं. वरचा भाग तेवढा राहिला होता, कारण गुडघा स्टुलावर चढू देत नव्हता.

"तेवढं वरचं तू करून दे ना."

"बाबा, दोन इंच कशाला? चार पुरेत. काच आहे ती, कोट नाही."

"चार इंच म्हणजे त्यांना दरवाजाच की! अंग चोरून घुसतात त्या."

"रविवारी बघू."

"रविवारी तर रविवारी," मास्तर म्हणाले. "तेवढं चिमण्यांना कळव म्हणजे झालं."

अर्ध्या तासाने खोकं उचललं तेव्हा चिमणी उडून गेली. लेकही गेली, तिला उशीर झाला होता. शुक्रवारी दुपारी मास्तर खुर्चीत बसल्याबसल्या गेले. टेप गळ्यातच होता. रविवारी घर माणसांनी भरलं होतं, आणि स्टूल कोणीतरी बसायला घेतलं होतं.

इमारतीची व्यवस्थापन समिती या काळात स्वस्थ बसली होती असं कोणी समजू नये. तिने 'पक्षी-धडक प्रतिबंध उपसमिती' नेमली होती आणि उपसमितीने वर्षभराचा अभ्यास सादर केला होता. एकूण धडका एकतीस. पैकी सकाळच्या वेळी बावीस. कारण, पक्ष्याचे दुर्लक्ष : एकतीस. मास्तरांच्या ठिपकेदार भागावर एकही धडक न झाल्याने त्यापुढे 'माहिती अप्राप्त' असा शेरा होता. (जिथे काही घडतच नाही, तिथला अभ्यास करणार कसा?)

उपाय म्हणून प्रत्येक घराला ससाण्याचं एक चित्र देण्यात आलं. रहिवाशांनी ते आतून चिकटवलं, आणि तोंड आतल्या बाजूला ठेवलं. चित्र चांगलं होतं, ते घरच्यांना दिसायला नको? त्यानंतर पक्षी ससाण्याच्या पाठीला टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटू लागले. ससाणा पुरेसा कडक नाही, असा उपसमितीचा निष्कर्ष निघाला.

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक होता, दिवंगत सभासदास श्रद्धांजली. विषय क्रमांक दोन, दिवंगत सभासदाच्या काचेवरील डाग. दोन्ही एकमताने मंजूर झाले.

सेक्रेटरी स्वतः नोटीस घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. चपला दाराबाहेर काढून, मास्तरांच्या खुर्चीवर न बसता, उभाच राहिला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. या उसवलेल्या खिशाला मास्तरांनी टाके घातलेत, पैसे घेतले नाहीत. पण खालून बघितलं की काचेला गोवर आल्यासारखा दिसतो हो. आठ दिवसांत पुसून टाका."

"पण तिथे पक्षी आपटत नाहीत."

"ते खरंय. पण ठिपके दिसतात ना!"

"दिसतात म्हणूनच आपटत नाहीत."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं : 'डाग दिसत असल्याचे सभासदाच्या मुलीने मान्य केले.'

आठव्या दिवशी सकाळी लेक बादली आणि फडकं घेऊन बाल्कनीत गेली. वाद वाढवण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. वरपासून सुरुवात करावी म्हणून ती स्टुलावर चढली, आणि समोर त्या गुरुवारची चिमणी होती. म्हणजे तिचा ठसा : पसरलेले दोन पंख, धुरकट, पिसं मोजता येतील इतका नेटका. ठशाच्या खालच्या टोकापासून मास्तरांचा सगळ्यात वरचा ठिपका वीतभर लांब होता.

फडकं बादलीत पडलं. तिने आतून टेप आणला, गळ्यात अडकवला, आणि खडू घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन इंचांचं माप तिने दोन वर्षांपूर्वीच वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. तरी ती 'चार पुरेत' म्हणत राहिली. कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी वडिलांनी शिवलेला ड्रेस 'ढगळ आहे' म्हणून परत केला होता, तेव्हापासूनचीच ती सवय होती. ड्रेस ढगळ नव्हता. नंतर दुकानातून आणलेल्या एकाही ड्रेसची बाही तिला नीट बसली नाही. हेही रविवारी सांगू म्हणून राहून गेलं होतं.

असे राहिलेले रविवार घराघरांत किती, याची आकडेवारी कोणत्याही उपसमितीकडे नाही. वाचकांनी हवं तर आपल्या घरातल्या माणसाकडे एकदा बघून घ्यावं. मध्ये काही आहे असं वाटणार नाही. तुमच्याकडची काच स्वच्छच असणार.

खालून सेक्रेटरींनी हाक मारली, "ताई, पुसताय ना?"

तिने शेवटचा ठिपका ठेवला, टेप पुन्हा एकदा लावून पाहिला आणि काचेकडेच तोंड करून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमचं माप बरोबर होतं. ड्रेसचंसुद्धा."