आज नंबर अंबाजीभाऊंचा

माणूस गेल्यावर त्याच्या नावाने नेमकं तेच करावं जे त्याने जन्मभर टाळलं, ही आपल्याकडची जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे. ज्याला दोन ओळी वाचायचा कंटाळा, त्याच्या नावाने वाचनालय निघतं. ज्याने शेजाऱ्याला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही, त्याच्या नावाची पाणपोई एसटी थांब्यावर असते (नळ बंद असतो, मृताच्या स्वभावाचा तेवढा मान राखला जातो). या पद्धतीला अनुसरून, पवनानगरच्या स्टँडवर तीस वर्षं वडापची जीप चालवलेल्या आणि स्वतःच्या पायांवर कधीच विश्वास न टाकलेल्या अंबाजी कालेकर यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलाने, सत्यमने, सोमाटण्यापासून पवनानगरमार्गे लोणावळ्यापर्यंत चालत जायचं ठरवलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

अंबाजीभाऊंचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. ते अंतर ते जीपने जात. देवळाला चहूबाजूंनी रस्ता होता, त्यामुळे प्रदक्षिणाही जीपनेच होई. ते गेले तेसुद्धा स्टँडवर, स्टेअरिंगमागे, दोन शिटा भरायची वाट बघत. मागे बसलेल्या प्रवाशांना हे बराच वेळ कळलं नाही, कारण भरल्याशिवाय गाडी हलत नाही हा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

उद्देश

धरणाच्या मागल्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथून आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला गाडी नाही. यावर लोकांनी चालावं, असा उपाय लोणावळ्याच्या स्मरणपाऊल प्रतिष्ठानाने शोधून काढला. कुणीतरी आपल्या दिवंगत आईवडिलांच्या नावाने हे अंतर पायी पूर्ण करायचं. केलं, की एक कंपनी रुग्णवाहिका देणार, तिच्यावर त्या आईचं किंवा वडिलांचं नाव रंगवणार आणि ती पवनानगरला उभी करणार.

सत्यमला हे नाव हवं होतं. अंबाजीभाऊंची जीप भंगारात गेली तेव्हा तिच्या मागच्या काचेवरचं 'अंबाजी' हेही भंगारात गेलं, आणि त्या रस्त्याने जाताना पुढच्या गाडीवर ते दिसत नाही याची सत्यमला अजून सवय झालेली नव्हती. (हा मजकूर 'भावना' या सदरात मोडतो. 'भावना' हे सदर प्रतिष्ठानाच्या अहवालात नाही.)

नियम

वाहनात एकदाही बसू नये. बसल्यास स्मरण बाद.

टी-शर्ट पांढरा. पाठीवर वडील. वडिलांच्या वर प्रायोजक.

चेहऱ्यावर दुःख असावं, पण चालण्यात उत्साह असावा. (दोन्ही एकदम जमत नसल्यास छायाचित्रकार सांगेल तेव्हा बदलावेत.)

सहभाग

नावनोंदणी उदंड झाली. प्रत्यक्ष सत्यम आला. बाकीच्यांनी मनाने चालत असल्याचं कळवलं आणि प्रतिष्ठानाने ते मोठ्या मनाने मान्य केलं. एका चालणाऱ्यामागे तीन गाड्या होत्या: एकीवर बॅनर, दुसरीत छायाचित्रकार, तिसरीत प्रतिष्ठानाच्या सचिव राजेश्वरी मॅडम आणि एसी. चालण्याचा प्रसार करायचा तर इतकी वाहनं लागतातच.

पहिला दिवस

काही घडलं नाही. सत्यम संध्याकाळी पवनानगरला आईच्या दारात पोचला. आई, नंदाबाई, ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

"चालत आलास? गाडी बिघडली का?"

सत्यमने सगळं समजावून सांगितलं. स्मरण, प्रतिष्ठान, रुग्णवाहिका.

"व्हय, त्ये कळलं," नंदाबाई म्हणाल्या. "पन गाडीला काय झालं?"

दुसरा दिवस

सकाळी सत्यम स्टँडवरून निघाला, तर रस्त्यात जीप आडवी. आत निवृत्तीकाका. अंबाजीभाऊंच्या मागे स्टँडचं वडीलपण यांच्याकडे आलं होतं.

"बस."

"काका, मला बसता येत नाही."

"मूळव्याध झाली का?"

"तसं नाही. आबांसाठी चालतोय."

निवृत्तीकाकांनी इंजिन बंद केलं. इतका वाईट शब्द त्यांनी स्टँडवर आजवर ऐकला नव्हता.

"अंबाजीचं पोरगं आन पायी? आमी काय मेलोय? त्यो वर बसून बघत आसंल, म्हणंल, ह्यांनी माझ्या पोराला एक शीट दिली न्हाई."

"तुम्ही देताय हो, पण नियम आहे."

"नियम आमच्यातबी हायेत."

ते खरं होतं. स्टँडवर नंबर असतो. जो आधी लागला त्याची गाडी आधी भरते, आधी निघते, आणि वाटेत त्याला मागे टाकून कुणी त्याच्या शिटा उचलायच्या नाहीत. तसं करण्याला नंबर खाणं म्हणतात. भाऊबंदाची जमीन खाल्लेली माणसं तालुक्यात मानाने फिरतात. नंबर खाल्लेल्याला त्या स्टँडवर कुणी तंबाखू देत नाही.

चालकांची उभ्या उभ्या बैठक झाली आणि निवृत्तीकाकांनी निर्णय जाहीर केला. "आज पयला नंबर अंबाजीभाऊंचा. भाऊ फुडं, बाकी मागं. आन भाऊ आज पायी हायेत."

अशा रीतीने सत्यम चालू लागला आणि त्याच्यामागे स्टँडवरच्या एकूण एक जीप पहिल्या गिअरमध्ये निघाल्या. पहिल्या जीपच्या पुढच्या सीटवर हार घातलेला अंबाजीभाऊंचा फोटो होता. जीपच्या मागे प्रतिष्ठान, प्रतिष्ठानाच्या मागे रविवारी लोणावळ्याला जाऊन भजी खाण्याची घाई असलेला महाराष्ट्र.

ठाकुरसई येईपर्यंत प्रवाशांच्या लक्षात आलं की जीपपेक्षा आपण चालत लवकर पोचू. ते उतरले आणि जीप मागे राहू नये म्हणून (भाडं आधीच दिलेलं होतं) तिच्या बरोबरीने चालू लागले. कोंबड्यांच्या पिंजऱ्यासह एक बाई चालली. नवरदेवाचे कपडे घेऊन एक मामा चालला. प्रतिष्ठानाच्या इतिहासात इतका प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. मॅडमनी काच खाली करून सगळ्यांना टोप्या वाटल्या.

पुढे एका वाडीवर सावित्राबाई नावाच्या आजी आपल्या सुनेला, हर्षदाला, घेऊन उभ्या होत्या. हर्षदाचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी पुढचा आठवडा सांगितला होता, पण पुढच्या आठवड्यात जीप मिळेल की नाही याची खात्री नसल्याने त्या आजच निघाल्या होत्या. दोघींना निवृत्तीकाकांच्या पहिल्या जीपमध्ये जागा मिळाली. गाडी हळू चालली आहे, याबद्दल सावित्राबाईंनी त्यांचे आभारही मानले.

दुधिवरे खिंडीच्या चढाला हर्षदाला कळा सुरू झाल्या.

सत्यम धावत मागे आला. "काका, दाबा गाडी! मी बाजूला होतो."

तो बाजूला झाला. जीप जागची हलली नाही.

"कशी दाबू? नंबर भाऊंचा हाय."

"अहो, पेशंटला कसला नंबर!"

"पेशंटला नसतो, त्ये मला शिकवू नगं. पन तुला हितं टाकून गेलो तर भाऊंचा नंबर खाल्ल्यावानी हुतंय. तीस वर्सांत कुनी खाल्ला न्हाई."

"मी देतो नंबर. घ्या."

"तुजा न्हाई त्यो. भाऊंचा हाय. तू बस, म्हंजी भाऊ गाडीत, आन गाडी फुडं. सोपं हाय."

यात तर्काची चूक काढण्याचा सत्यमने प्रयत्न केला. सापडली नाही. तेवढ्यात राजेश्वरी मॅडम आल्या. त्यांची गाडी जीपच्या रांगेमागे अडकल्यामुळे त्या चालत आल्या. (हे अंतर प्रतिष्ठानाच्या पदाधिकाऱ्याने पायी कापलेलं सर्वाधिक अंतर असून अहवालात त्याची सन्मानपूर्वक नोंद आहे.)

"सत्यम, प्लीज. थोडंच राहिलंय. बसलात तर मला लिहावं लागेल. रुग्णवाहिकेचा प्रश्न आहे. या वाड्यांमधल्या बायकांचा विचार करा."

"मॅडम, त्यातली एक आत आहे."

"मी व्यापक दृष्टीने बोलतेय."

जीपमधून सावित्राबाईंनी डोकं बाहेर काढलं. "आरं बस की मुडद्या! तुजा बाप जाऊन वरीस झालं, माजं नातवंड आत्ता यायलंय! आन तितं दवाखान्यात कागुद कोन भरनार, तुजा फोटू?"

दोन्ही बाजूंनी मोबाइल वर झाले होते. समजूत घालायला किती वेळ लागेल आणि बसायला किती, याचा सत्यमने अंदाज घेतला. मग त्याने वडिलांचा फोटो उचलून मांडीवर घेतला आणि त्या जागेवर बसला.

जीप अशी सुटली की फोटोवरचा हार औंढोलीच्या अलीकडेच उडून गेला.

निष्पत्ती

मुलगी झाली. दोघी सुखरूप. कागद सत्यमने भरले. नातं या रकान्यात काय लिहावं हे न सुचल्याने 'सहप्रवासी' लिहिलं.

मग तो निवृत्तीकाकांच्या जीपने खिंडीतल्या त्याच वळणावर परत आला (दुसरा नियमभंग), जिथून बसला होता तिथेच उतरला आणि उरलेलं अंतर एकटा चालला. मागे कुणी नव्हतं. नंबर पुढे सरकला होता. लोणावळ्यात पोचला तेव्हा मांडववाले खांब उपटत होते. फीत अध्यक्षांनी दुपारीच कापली होती, त्यांना दुसऱ्या एका स्मरणाला जायचं होतं.

प्रतिष्ठानाच्या समितीने प्रकरण सहानुभूतीने ऐकलं. अंतर पूर्ण झालं, हे मान्य. परंतु स्मरण सलग नव्हतं. जीपमध्ये असताना आपण वडिलांचा विचार करत होतात काय, असं विचारल्यावर उमेदवाराने "नाही, रस्त्यात आडव्या आलेल्या गाईचा" असं उत्तर दिलं. रुग्णवाहिका नामंजूर. टोपी घातलेल्या सर्व प्रवाशांना मात्र सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली, कोंबड्यांच्या बाईला दोन.

सत्यमने घरी येऊन आईला सांगितलं, की आबांचं नाव गाडीवर येणार नाही.

नंदाबाई त्याच्या पोटऱ्यांना तेल लावत होत्या.

"गाडीत शेवटी बसलास ना?"

"बसलो."

"मंग झालं. उगा त्यास्नी वर घोर लावला व्हतास."

सद्यःस्थिती

कंपनीने आधीच पाठवलेली रुग्णवाहिका येऊन पडली आहे. ती लोणावळ्यात दवाखान्याशेजारी, प्रतिष्ठानाच्या कार्यालयासमोर ताडपत्रीखाली उभी असते. नाव नसल्यामुळे तिला पेशंट आणायला पाठवता येत नाही. वाड्यांमधले पेशंट निवृत्तीकाकांच्या जीपने येतात आणि खाली उतरताना तिच्याकडे कौतुकाने बघतात.

प्रतिष्ठान आता पुढच्या यात्रेसाठी योग्य माणसाच्या शोधात आहे. आई किंवा वडील गेलेले असावेत. गुडघे शाबूत असावेत. आणि वाटेत कुणी कितीही हाका मारल्या तरी न थांबण्याची सवय असावी. पहिल्या दोन अटींसाठी अनुक्रमे मृत्यूचा आणि डॉक्टरांचा दाखला लागेल. तिसऱ्या अटीबाबत, ही हकीकत वाचणाऱ्यांकडून कसलाही पुरावा मागू नये, असं समितीने एकमताने ठरवलं आहे.