ओब्राद लालिच यांचं पहिलं मरण

"मॅडम, तुमचा व्हॅम्पायर पाच वर्षं रोज माणसांचं रक्त पितोय, मग तो जाड का होत नाही?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्याशी वर्गातल्या ब्रिआना आणि ताशाने लावली होती. त्यांना वाटलं, झोर्का वुकेलिच कसली उठतेय! आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा हळूच 'हो' म्हणायचे, हे खरं. पण यंदा मी दहावीत आहे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मला आत्मविश्वास आलाय. कुठून आला देव जाणे, पण भरपूर आलाय! पुरून उरेल इतका!

त्यामुळे टीव्हीवरच्या त्या व्हॅम्पायर-मालिकेच्या दिग्दर्शिका लॉरेल मॅडम शाळेत गप्पा मारायला आल्या तेव्हा मी सरळ माइक हिसकावला. सभागृह खो खो हसलं. पण मॅडम हसल्या नाहीत.

"जाड कशाला व्हायला हवा?" त्यांनी विचारलं.

"कारण खरा व्हॅम्पायर जाडच असतो!" मी म्हणाले. "मॅडम, मी सर्बियन आहे. हा शब्द जगाला आमच्या लोकांनी दिलाय. तीनशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या खेड्यांत येऊन थडगी उकरत होते आणि अहवाल लिहीत होते. त्यातला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेला, लालबुंद, पिंपासारखा शेतकरी! त्याला हाडं नसतात, नुसती रक्ताची पखाल! तुमचा तो ऑर्सन म्हणजे उपाशी ठेवलेली मेणबत्ती आहे!"

हे सगळं मला देसांका आत्याने सांगितलं होतं. देसांका आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या चर्चच्या बायकांची सेनापती. हातात ग्लोगची काठी. ग्लोग म्हणजे ते काटेरी झाड, ज्याच्या खुंट्याने व्हॅम्पायर मारतात. आत्या मात्र ती गुडघेदुखीसाठी वापरते.

मॅडमना माझं बोलणं इतकं आवडलं, की आठवड्याभरात आमच्या सर्बियन चर्चच्या कबरस्तानातला मागचा कोपरा शूटिंगसाठी ठरला. आणि मला चक्क एक वाक्य मिळालं! थडग्यातून ऑर्सनचा हात वर आला, की मी ओरडायचं, "तो उठला!" दोनच शब्द. पण संपूर्ण अमेरिका ऐकणार!

बाबांनी भुवया वर केल्या. "झोर्का, चर्चमधून एक तक्रार आली ना, तर वाक्य गेलं खड्ड्यात. दर शनिवारी आत्याकडे जायचं आणि आपली सर्बियन अक्षरं गिरवायची. कॉलेजला जाईपर्यंत!"

त्या अक्षरांना मी सहा वर्षं यशस्वीपणे चुकवत आले होते. दर शनिवारी माझा सामना असायचा, नाहीतर पोट दुखायचं.

"एकही तक्रार येणार नाही, बाबा!" मी छातीवर हात मारून म्हणाले.

आता माझ्या तीन चुका. त्या करताना मला एकही चूक वाटली नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

पहिली. शूटिंगचं सामान बनवणाऱ्या माणसाने मला फोन केला. "थडग्यावर अस्सल सर्बियन नाव हवंय, तुमच्या लिपीत. आत्ताच्या आत्ता!" मला ती लिपी येत असती तर काय हवं होतं! मी पळत चर्चच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या मोठ्या भट्टीवर पितळी पाटी आहे. वर नाव, खाली एक ओळ. मी फोटो काढला आणि पाठवून दिला. भिंतीवर किंवा भट्टीवर ज्यांचं नाव कोरलेलं असतं ती माणसं वारलेलीच असतात, असा माझा प्रामाणिक समज होता.

दुसरी. पावसाचा अंदाज आला म्हणून सोमवारचं शूटिंग शनिवारवर आलं. मॅडम म्हणाल्या, "झोर्का, तुमच्या फादरना आणि लोकांना कळवशील?" "कळवते की!" मी म्हणाले. आणि सगळ्या शाळेला कळवलं. फादर साव्हो राहिले. आत्या राहिली. चर्च राहिलं.

तिसरी. मॅडमना मी सहज बोलून गेले होते, की गर्दीला बायका लागल्या तर मी आणते.

शनिवारी सकाळी दहाला मी कुंपणामागे कॅमेऱ्याजवळ उभी होते. 'तो उठला, तो उठला' असं पुटपुटून जीभ कोरडी झाली होती. समोर नवं कोरं थडगं. खाली लाकडी खोका, वर पातळ फळी, त्यावर माती. खोक्यात ट्रेंट, म्हणजे ऑर्सनचं काम करणारा नट. गाल खप्पड दिसावेत म्हणून बिचारा दोन आठवडे नुसती काकडी खात होता.

तेवढ्यात फाटक करकरलं. काळे कपडे घातलेल्या चौदा बायका आत शिरल्या. हातात पातेली, मेणबत्त्या, बाटल्या. पुढे देसांका आत्या. मागे चेहरा पाडलेले बाबा, कडेवर भलामोठा पाव.

आज मृतांचा शनिवार! आजच्या दिवशी आमची सगळी माणसं आपापल्या थडग्यांवर मेणबत्ती लावतात, साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू ठेवतात, आलुबुखाराची दारू ओततात. तीन वर्षं मी सामन्यांचं निमित्त सांगून टाळलं, आणि तारीखच विसरले!

"झोर्का!" मॅडम माझ्या कानात कुजबुजल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू एवढ्या बायका आणल्यास? कपडेसुद्धा काळे! पातेलीसुद्धा! तू हिरा आहेस! कॅमेरा चालू करा!"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला हवं होतं, कळतंय मला! पण हिरा म्हटलं हो त्यांनी! मी तोंड मिटलं.

आत्या नव्या थडग्यापाशी थबकली. चष्मा चढवला. मोठ्याने वाचलं, "ओब्राद लालिच."

"अगं बाई!" तेरा बायका एकदम.

"आपला ओब्राद? फ्लोरिडाला गेलेला?"

"गेला? आणि आपल्याला कोणी कळवलं नाही?"

"गुपचूप पुरला! ना मेणबत्ती, ना गहू! कुत्र्यालासुद्धा कोणी असं पुरत नाही!"

आत्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि खालची ओळ वाचली. "'वापरून झाल्यावर स्वच्छ करून जा.'"

मग एक हुंदका फुटला. मग चौदा.

"केवढा मोठा विचार!" एक म्हातारी डोक्याच्या रुमालाने डोळे टिपत म्हणाली. "आयुष्यावर बोललाय तो!"

"चर्चला भट्टी दिली तेव्हा तिच्यावर पण हेच लिहिलं होतं त्याने," आत्या गदगदून म्हणाली. "तेव्हा कळलं नाही गं आपल्याला!"

मला मात्र आता सगळं कळलं. मी कुंपणामागे हळूहळू खाली बसले.

"ड्रागान," आत्याने बाबांना हुकूम सोडला, "फ्लोरिडाला फोन लाव. त्याच्या घरच्यांना म्हणावं, इथलं सगळं आम्ही करतो." आणि बाटलीचं बूच काढून तिने अर्धी बाटली थडग्यावर रिकामी केली. ओब्राद पिणारा माणूस होता, त्यामुळे उरलेली अर्धीही केली.

फळीला फट होती. खालून आवाज आला, "खक्! खक् खक्!"

त्याच वेळी बाबा फोनवर म्हणत होते, "लालिच यांचं घर का? फार वाईट झालं हो. आपण कोण बोलताय?" मग बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "देसांका, ओब्रादच बोलतोय!"

आणि त्याच वेळी मातीतून हात वर आला!

"तो उठला!" आभाळ फाटेल अशी किंकाळी आली. माझी नव्हे. आत्याची.

दुसरी कुणी असती तर पळाली असती. आत्या पुढे झाली आणि ग्लोगची काठी त्या हातावर सणकन हाणली.

"आई गं!" थडगं बोललं.

"थांबा!" आत्याने हात मनगटाशी धरून चाचपला. "हाड आहे. हेही हाड आहे. ह्याला तर नुसती हाडंच आहेत! हा व्हॅम्पायर नव्हे गं, हा कुणीतरी उपाशी माणूस ओब्रादच्या जागेत घुसलाय!"

चौदा जणींनी ट्रेंटला मुळ्यासारखा उपटून काढला. तो काही बोलायला गेला. तोंडात कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा गेला. "जेव बाळा, काय ही दशा! आईने टाकलं का तुला?" आठ गुंडाळे, अर्धा पाव, पातेलंभर गहू. दोन आठवडे काकडीवर काढलेला जीव, नाही कसा म्हणेल? वर दारूचे चार घोट, थंडी बाधू नये म्हणून. अर्ध्या तासात ट्रेंट फुगला, लालबुंद झाला आणि थडग्याला टेकून ढेकर देऊ लागला.

"मॅडम!" मी आनंदाने ओरडले. "बघा! हाच! हाच आमचा खरा व्हॅम्पायर!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. कॅमेरा चालूच होता. "हे सगळं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "जाड व्हॅम्पायर ठेवायचा. आत्याबाई ठेवायच्या. 'तो उठला' हे कुणी इतकं जीव तोडून म्हणू शकेल असं मला वाटलंच नव्हतं!"

"मॅडम, ते माझं वाक्य होतं."

"होतं," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई-बाबा टेबलाशी बसले होते. बाबांपुढे कागद होता. तक्रारी बावीस. एक फादर साव्होंची, एकवीस एकट्या ओब्राद लालिच यांच्या. चर्चच्या यादीतून त्यांचं नाव खोडलंय का, भट्टी कोण वापरतंय, आपल्या श्राद्धाचं जेवण एक परका पोरगा कसा जेवला, असं बरंच काही. शेवटच्या तक्रारीखाली बाबांनी दोनदा रेघ मारली होती.

ती मी वाचली आणि बाबांना तोंड उघडू दिलं नाही. आत्मविश्वास अजून थोडा शिल्लक होता.

"आई, बाबा," मी ताठ उभी राहून म्हणाले, "मी एक निर्णय घेतलाय. स्वतःहून! कुणाच्याही दबावाखाली नाही! येत्या शनिवारपासून मी आत्याकडे आपली अक्षरं शिकायला जाणार. कारण माफीचं पत्र आपल्याच लिपीत हवं, आणि तेही माझ्या हातचं, असं त्या मेलेल्या माणसाचं म्हणणं आहे."