बिराजदारकाकांचं वाढतं जहाज

चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जहाजावर, नळाचं पाणी कधीच न जाणाऱ्या खोलीत, सकाळी उठून पहिलं काम म्हणून मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवणारा माणूस जगात एकच असेल आणि तो आमच्या शेजारी राहतो.

बिराजदारकाका. बर्फाची बादली, चहाची किटली, फुलं काढून फुलदाणी, शिवाय काकूंची आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी. टोपीत पाणी राहतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. खोली आवरणारा माणूस रोज ते सगळं ओतून द्यायचा आणि काका रोज पुन्हा भरायचे. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात टेकले आणि कुठून तरी एक मोठी बादलीच आणून दिली. काका हे फार अभिमानानं सांगतात.

लातूरकराला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. आमच्याकडे नळ येतो तेव्हा येतो. तो आला की माणसं हातातला घास, तोंडातलं वाक्य, सगळं अर्धं टाकून धावतात. ही सवय एकदा अंगात मुरली की समोर अख्खा समुद्र असला तरी ती सुटत नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी धरणांच्या कामांवर, रानावनात गेली. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावर बसून देशाचं वाटोळं कसं झालं ते सांगतात. काकांनी क्रूझचा नाद लावून घेतला. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि हा माणूस मला गेटातच अडवून म्हणतो, "मॅडम, तुम्ही समुद्र फळ्यावर काढता, आम्ही त्याच्यावर झोपून आलोत." अस्सा राग येतो! पण बोलणार काय? मी आजवर जहाजात पाय ठेवलेला नाही.

अशा माणसानं गेल्या आठवड्यात जहाजाला चक्क नकार दिला.

झालं असं की काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून पुण्याच्या लेकीनं, वैशालीनं, दोघांसाठी सध्याच्या सगळ्यात अवाढव्य जहाजाची तिकिटं काढली. काका आनंदानं उड्या मारतील असं तिला वाटलं होतं. काका म्हणाले, नको. का नको, तर नको. शनिवारी दुपारी वैशालीचा मला फोन आला. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणाले नाहीत तर तिकिटं रद्द करावी लागतील, बाबा तुमचं ऐकतात, तुम्हीच काहीतरी करा, असं तिचं म्हणणं. माझं माझ्या घरातलं मांजरसुद्धा ऐकत नाही, पण लेकीचा आवाज रडवेला झाला होता. जाते म्हणाले.

जाण्याआधी तुम्हाला काकांची जहाजं सांगायला हवीत, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

काका जहाज मीटरात, टनात मोजत नाहीत. सरकारी माणूस, ते महसुली हिशेबानं मोजतात. पहिलं जहाज मुंबई ते गोवा गेलं. त्याला ते ‘वाडी’ म्हणतात. "फार तर ग्रामपंचायत म्हणा, त्याच्या वर न्हाई." त्या जहाजावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक जेवायचा हॉल, एक जिना आणि कठड्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पण कप्तान मात्र नाश्त्याला सगळ्यांमध्ये येऊन बसायचा. आता आपल्याकडे कुणी मोठं माणूस भेटलं आणि त्याचा सत्कार केला नाही असं कधी झालंय? काकांनी लातूरहून शाल, श्रीफळ आणि फेट्याचं कापड नेलंच होतं. त्यांनी कप्तानाला खुर्चीत बसवून फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि मराठवाड्याच्या समस्त जनतेच्या वतीनं दोन शब्द बोलले. तो भला माणूस दुपारपर्यंत फेट्यातच जहाज हाकत होता म्हणे.

दुसरं जहाज सिंगापूरचं. "तालुका. देवणीएवढं तर नक्कीच." त्यात लिफ्ट होती, पोहण्याचे हौद होते आणि जुगाराची एक खोली होती. त्या खोलीत काकांनी डोकावून पाहिलं आणि चुकीच्या लग्नात शिरल्यासारखे उलट पावली परत आले. इथं कप्तान भेटला नाही. एका टेबलामागच्या बाईनं शाल-श्रीफळ ठेवून घेतलं, साहेबांपर्यंत पोचवते म्हणाली. काकांना ते लागलं. सत्कार म्हणजे काय अर्ज आहे का, आवक विभागात देऊन यायला?

तिसरं जहाज आणखी फुगलेलं. "उदगीर! किल्ला सोडला तर सगळं हाय तिथं. बाजारपेठ हाय, थेटर हाय, रस्ता चुकायची सोय हाय." तिथं कप्तान फक्त खोलीतल्या टीव्हीवर दिसायचा. पण शाल परत लातूरला न्यायची म्हणजे नामुष्की. तेव्हा काकांनी पांढरे कपडे, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि एकूण रुबाब बघून एक माणूस हेरला, त्याला भर चौकात उभा करून फेटा बांधला आणि हिंदीतून भाषण ठोकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो निघाला जहाजावरच्या बँडमधला कर्णेवाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतक्या वर्षांत कर्णेवाल्याचा सत्कार कुणी केला नव्हता. संध्याकाळी त्यानं काकूंच्या फर्माइशीवर तीच ती धून पुन्हा पुन्हा वाजवली.

त्या जहाजावर काकू, म्हणजे आमच्या सुमनकाकू, अशा काही खुलल्या की विचारू नका. सकाळी योगासनं, दुपारी टॉवेलची घडी घालून त्याचे ससे आणि हंस करायचा वर्ग, संध्याकाळी नाच. परत आल्यावर त्यांनी आमच्या भिशीच्या बायकांना ते हंस शिकवले. अजूनही आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला तर त्याला आंघोळीआधी हंस मोडावा लागतो. काकू हे सगळं रंगवून सांगत. काका मात्र तिसऱ्या जहाजाची गोष्ट कर्णेवाल्यापाशीच संपवत. मला वाटे, त्यांना त्या फजितीची लाज वाटत असावी.

तर शनिवारी मी गेले. काका पुढच्या खोलीत झोपाळ्यावर बसले होते. स्वयंपाकघरात काकूंची भांडी वाजत होती. मी सरळ विषयाला हात घातला. काकांनी आधी गुडघा सांगितला. मग बीपी. मग म्हणाले, आजकाल समुद्राचा भरवसा न्हाई. मी म्हणाले, काका, भूगोल मी शिकवते. मग ते चिडले.

"मॅडम, ते जहाज न्हाई, जिल्हा हाय. फक्त कलेक्टर तेवढा न्हाई. कामून जायचं तिथं?"

मी म्हणाले, मोठं तर मोठं, तुमच्याच आवडीचं आहे की. दर खेपेला मोठं जहाज शोधून कोण जात होतं?

काकांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि ते आवाज खाली आणून बोलायला लागले. त्यांना एवढं सरळ, चेष्टा न करता बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"नोकरीत मी धरणावर, ही उदगीरला माझ्या आईबापापाशी. शनिवारी यायचो, जेवायचो, सोमवारी पहाटे जायचो. मला वाटायचं, बायको अबोल हाय. असतात काही माणसं. मग ते पहिलं जहाज. तिथं करायला कायबी न्हाई, नुसत्या दोन खुर्च्या. मुंबई सुटली अन् ही बोलाया लागली ती गोवा येईपर्यंत. लहानपणी विहिरीत पडली होती ते. तिला नर्स व्हायचं होतं ते. माझी भीती वाटायची म्हणे तिला, लई वर्षं. माझी! मला मालूमच न्हाई."

काकांनी पायानं झोपाळ्याला हलकासा झोका दिला.

"मग मी हिशेब लावला. धरण मोठं तर पाणी जास्त. म्हणलं, जहाज मोठं तर बोलणं जास्त. अन् झालं उलटंच. दुसऱ्या जहाजावर बोलणं अर्ध्यावर आलं. तिसऱ्यावर तर ही मला जेवायला तेवढी दिसायची. मी आपला कठड्यापाशी दोन खुर्च्या धरून बसून राहिलो. लोक यायचे, विचारायचे, ही खुर्ची खाली हाय का. मी म्हणायचो, न्हाई, माणूस येणार हाय. आता त्या जिल्ह्याएवढ्या जहाजात मी किती दिवस खुर्ची धरून बसू?"

जहाजाच्या नादी लागलेला म्हातारा म्हणून आम्ही सगळ्यांनी या माणसाची इतकी टिंगल केली, आणि त्याला जहाजाचं काडीचं वेड नव्हतं.

तेवढ्यात लक्षात आलं की भांड्यांचा आवाज कधीच थांबलाय. काकू दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत चुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या बश्या, आणि चेहऱ्यावर राग की काय ते मला कळेना.

"मला वाटलं, तुम्हाला शांतता पाहिजे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून बसलेले असायचात. म्हणलं, कशाला तकलीफ द्यावी."

काका झोपाळ्याच्या कडीकडे बघत राहिले.

"अन् बोलण्यासाठी सिंगापूरपर्यंत कशाला न्यायला पाहिजे होतं मला? घरी नुसतं बस म्हणलं असतं तरी बसले असते. पन्नास वर्षांत एकदा तरी म्हणलात का?"

शेजारणीचं इथं काय काम, असं मला फार तीव्रतेनं वाटलं. काका जरासे सरकले. झोपाळ्यावर एका माणसाची जागा झाली. मग शाळेतल्या पोरानं न येणारं उत्तर द्यावं तसे ते हळूच म्हणाले, "बस."

काकूंनी दोन्ही बश्या माझ्या हातात दिल्या आणि बसल्या.

बसल्या खऱ्या, पण आता बोलायचं काय हे दोघांनाही सुचेना. झोपाळा नुसता हलत होता. मी बश्या घेऊन आत गेले आणि उगाच ओट्यावरची भांडी विसळायला घेतली. चांगलीच लख्ख घासली. बऱ्याच वेळानं बाहेरून काकूंचा आवाज आला, आधी अडखळत, मग सरळ. त्या टॉवेल शिकवणाऱ्या बाईला तीन पोरी होत्या, तिकडं मनिलाला, अन् तिची सासू... काका मध्येच काहीतरी विचारत होते.

माझा फोन वाजला. वैशाली. बाबा तयार झाले का?

मी म्हणाले, नाही. रद्द कर.

तिकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग म्हणाली, मोठं नको असेल तर छोटं बघू का एखादं? अजून मिळेल. जरा बाबांना फोन देता का, आत्ताच विचारते.

"आत्ता नको," मी म्हणाले. "बोलत बसलेत दोघं."