सासऱ्यांची टाळी

"दुपारच्या जेवणाच्या आत होऊन जाईल," असं जावई म्हणाला, आणि तेही सासूबाईंच्या समोर. असल्या बढाया माणसाने बायकोपुरत्या ठेवाव्यात. पण मागच्या खेपेला त्याने सासुरवाडीचा बंद पडलेला मिक्सर चालू करून दिला होता आणि तेव्हापासून स्वारी जरा हवेतच होती.

काम होतं नाटकाचं. नोकरीत असताना सासूबाई कचेरीच्या हौशी नाटकमंडळात होत्या. एकदाच, फक्त एकदाच त्यांना नायिकेची भूमिका मिळाली आणि त्या एकुलत्या एक प्रयोगाची कुणीतरी व्हिडिओ कॅसेट काढली. शेवटी नायिका लांबलचक भाषण करून मरते. त्या मरणाचं कौतुक घरात इतकं झालं होतं की न बघताच सगळ्यांना पाठ होतं. आज संध्याकाळी जुनी मंडळी ते बघायला येणार होती, खुद्द दिग्दर्शकही. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे सकाळीच काढून पलंगावर मांडले होते.

जावयाने मागून आणलेला व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडला आणि अख्खं नाटक उतरवून घेतलं. मग व्हीसीआरने कॅसेट परत देण्याऐवजी तिची फीत चावून टाकली. म्हणजे आता सासूबाईंचं नाटक जे काय उरलं ते कॉम्प्युटरातच. ही बातमी त्याने फक्त बायकोला सांगितली. तिने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

नाटक लावून बघितलं. सुरुवात झकास. नायक टेबलावर पेला आपटतो, त्याच क्षणी टक्क आवाज येतो. पण नाटक पुढे सरकेल तसा आवाज मागे पडत गेला. मध्यंतराला ओठ मिटल्यावर शब्द यायला लागले, आणि शेवटी नायिका मरून पडली तरी भाषण चालूच.

"आई मेल्यावर बोलतेय," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

त्याने सगळाच्या सगळा आवाज अंदाजाने अलीकडे ओढला. शेवट बराचसा जुळला, पण आता नायकाने पेला उचलायच्या आधीच टक्क. परत मागे ढकलला, तर नायिका पुन्हा मेल्यावर बोलायला लागली. जेवणाचं ताट झाकलेलंच राहिलं. दाराबाहेरून सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, होतंय ना? त्याने घाम पुसत सांगितलं, झालंच.

मग एकदाचा उजेड पडला. चूक हळूहळू वाढत जाते, तर आवाजच थोडा दाबून आखूड करायचा. सुरुवातीची एक खूण आणि शेवटची एक खूण जुळवली की मधलं आपोआप बसतं. सुरुवातीला पेला होताच. शेवटासाठी मात्र काही मिळेना, कारण तो प्रवेश लांबून आणि अंधुक उजेडात टिपलेला. ओठ दिसत नव्हते, आणि सासूबाई मेल्या त्याही आवाज न करता. तेवढ्यात कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. अंधारात एकच माणूस स्पष्ट दिसत होता, पहिल्या रांगेतले सासरे. त्यांनी हात उचलले आणि टाळी वाजवली.

जावयाला देव भेटल्यासारखं झालं. सासरे म्हणजे निवृत्त बॉयलर तपासनीस. खात्री झाल्याशिवाय त्यांनी जन्मात सही केली नव्हती. घरात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. टाळ्यांचा पहिला आवाज त्याने सासऱ्यांच्या पहिल्या टाळीला नेऊन चिकटवला. पेला बघितला, टाळी बघितली, दोन्ही चोख. बाकीचं तपासायला वेळ कुठे होता? दिग्दर्शक दारात उभे होते.

पहिला अंक झोकात गेला. दुसऱ्यात जावयाला काहीतरी खटकलं, पण त्याने मनाची समजूत घातली. शेवटच्या प्रवेशाला खोलीत कुणी हलत नव्हतं. पडद्यावर सासूबाई कोसळल्या, निपचित पडल्या आणि पडल्या पडल्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आता मला बोलवत नाही..."

कुणीतरी रुमालात हसलं. सासूबाई समोर बघत ताठ बसून होत्या. लगेच कॅमेरा वळला, सासऱ्यांनी टाळी वाजवली आणि ती मात्र अगदी बरोबर जुळली.

दिवा लागला. दिग्दर्शकांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या आणि सगळे थांबले. सासऱ्यांचे हात अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी काळा पडलेला टीव्ही नीट न्याहाळला, पुढे काही येत नाही असं बघून घेतलं आणि मग एकट्यानेच, अगदी मनापासून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

जावयाने कपाळाला हात लावला. अख्खं नाटक त्याने या हातांच्या भरवशावर जुळवलं होतं! तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून त्याने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं.

"त्या दिवशीही अशीच वाजवली होती," सासूबाई म्हणाल्या. "सगळं नाट्यगृह थांबल्यावर. मी घरी येईपर्यंत यांच्याशी बोलले नव्हते."

"तू मेलीस याची खात्री कुठे होती?" सासरे म्हणाले. "परत उठून बोलली असतीस तर?"

"जावईबापू, नाटक नीट करा," सासूबाई म्हणाल्या. "पण टाळीला हात लावू नका. जन्मात एकदाच वेळेवर वाजवलीय यांनी."

सगळे पोट धरून हसले. सासरेही हसले, पण तोवर पाहुणे चपला घालत होते.