काचेखालचे ठिपके

जे. पी. नगरातल्या ‘समदर्शी सेवा केंद्रा’ची आगीची कवायत पूर्ण यशस्वी झाली. सगळे कर्मचारी सुखरूप बाहेर पडले. शिवलीला तेवढी तिसऱ्या मजल्यावर राहिली. पण तसं काही घडलंच नाही असं अहवालात असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

शिवलीला निपाणीची. जन्मापासून तिला दिसत नाही. केंद्रात ती ग्राहकांचे फोन घेते. तिला नोकरी दिल्याचा मोठा फोटो स्वागतकक्षात लावलेला आहे. (तिच्याशिवाय सगळ्यांनी पाहिलाय.)

तिच्या सोयीसाठी व्यवस्थापक सुधींद्र यांनी संकटकाळच्या सर्व पाट्या ब्रेलमध्ये करून घेतल्या. ब्रेलच्या ठिपक्यांना संगणकाच्या युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक आहेत, एकूण दोनशे छप्पन्न, हा शोध त्यांना लागला होता. त्यात एकही ठिपका नसलेला कोरा नमुनाही येतो. (काहीच नसण्यालासुद्धा क्रमांक मिळतो, हे कळल्यावर साहेब दोन दिवस भारावलेले होते.) ते ठिपके सुबक छापले आणि बोटं लागून खराब होऊ नयेत म्हणून काचेखाली बसवले.

“सर, ही तर नुसती काच लागतेय हाताला,” शिवलीला म्हणाली.

“काचेच्या आत बघ की, अक्का!”

“आत कशी बघू?”

“एकदम शार्प आलेत गं. सगळ्यांना आवडले.”

कवायतीची सूचना सगळ्यांना साध्या अक्षरांत गेली. शिवलीलाला, खास आदराने, ब्रेलमध्ये ईमेल आली. तिचा फोन ती ईमेल इमानाने वाचू लागला: “ब्रेल नमुना, ठिपके एक, दोन, पाच. ब्रेल नमुना, ठिपके एक, पाच...” एकेक ठिपका मनात जुळवत ती ‘घंटा वाजताच’ इथवर पोचली आणि घंटा वाजली. भिंत चाचपत ती पाटीपाशी गेली. काच थंडगार होती.

थोड्या वेळाने वॉचमन देवाप्पा दिवे बंद करायला वर आला. “अय्यो अक्का! तुम्ही खाली आहात की! यादीत टिक झालीय.”

“मग मला खाली नेऊन सोडा, अण्णा.”

“सरी, सोडतो की, पण स्वल्प थांबा, जरासंच. आत्ता गेलात तर एक माणूस जास्त भरेल.”

संध्याकाळी शिवलीलाने जाड कागदावर टोचणीने, उठावाच्या खऱ्या ब्रेलमध्ये, तक्रार लिहिली: ‘पाट्यांचे ठिपके हाताला लागू द्या. खरी आग लागली तर मी आत राहीन.’ साहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, स्कॅन केला. पडद्यावर पांढरंशुभ्र उमटलं. नोंद झाली: ‘अभिप्राय कोरा. तक्रार नाही.’ पुढे कोऱ्या नमुन्याचा क्रमांकही बिनचूक घातला.

तेव्हा तिने दुसरा अर्ज फोनला सांगून, साध्या मराठीत टाइप करवला. साहेबांना भाषा इतकी आवडली की त्यांनी तो सर्वत्र पाठवला. तुमच्याकडेही आलाय, तो असा:

‘प्रति, सर्व डोळस वाचक. वरील मजकूर आपल्या सोयीसाठी सपाट ठेवला आहे. तरी कृपया डोळे मिटून, बोटांनी वाचून, घंटा वाजण्यापूर्वी पोच द्यावी. डोळ्यांनी वाचून दिलेली पोच ग्राह्य धरली जाणार नाही.’