आईच्या वाडग्यातला फासा

"इतिहासात झालेली चूक आज मी दुरुस्त करणार!" असं सेनापतींनी सकाळी दाढी करता करताच जाहीर करून टाकलं.

सेनापती म्हणजे विमा कचेरीतले हेडक्लार्क. कचेरीत त्यांच्या शब्दाने पंखासुद्धा फिरत नसे, पण घरी जेवणाच्या मेजावर बोटाएवढ्या शिशाच्या शिपायांची अख्खी फौज त्यांच्या इशाऱ्यावर चालायची. निळ्या डगल्यांचे शिपाई त्यांचे, लाल डगल्यांचे मेहुण्याचे. मेहुणा दातांचा डॉक्टर. दोनशे वर्षांपूर्वी निळ्या राजाने नदीकाठी जी लढाई गमावली, ती हे दोघे दर रविवारी नव्याने लढत आणि निळे दर रविवारी नव्याने हरत!

नदी म्हणजे निळी फीत, टेकड्या म्हणजे हिरव्या कापडाखाली सारलेली पुस्तकं. हा पसारा मेजावर कायमचा. मग घराने जेवायचं कुठे? आई खाटेवर, बायको ओट्याशी उभ्याने, आणि खुद्द सेनापती ताट मांडीवर घेऊन फौजेवर नजर ठेवत. शेवटी बायको हळूच म्हणाली, "अहो, आज हरलात तर फौज माळ्यावर जाईल. जिंकलात तर वर्षभर मी मेजाचं नाव काढणार नाही."

ती कधी आवाज चढवत नसे. म्हणून तर सेनापतींना घाम फुटला!

लढाई जुंपली. लाल तोफांनी निळ्यांची पहिली फळी भाजून काढली. तेवढ्यात मेहुण्याने चष्मा पुसला आणि नेमका स्वतःच्याच तोफांपुढे ठेवला.

"डोंगर!" सेनापती गरजले.

"कुठला डोंगर? माझा चष्मा आहे तो!"

"मेजावर पडलं ते रणांगणावर पडलं. आता उचलायचं नाही. तोफांपुढे डोंगर आला, तोफा बंद!"

मेहुण्याने डोळे बारीक केले. एक तर त्याला राग आला होता, आणि दुसरं म्हणजे दिसत नव्हतं. "असं का? मग भाऊजी, तुमचं कोपर कुठे टेकलंय बघा."

डावं कोपर मेजावर होतं!

"तो कडा," मेहुणा म्हणाला. "कडा हलत नसतो."

झालं! त्यानंतर लढाईला काही धरबंदच राहिला नाही. मेहुण्याने चहाचा कप खिंडीत ठेवून तलाव केला. सेनापतींनी त्याच कपाची वाफ दाखवून धुकं पडल्याचं सांगितलं आणि लाल बंदुका बंद पाडल्या. पुलावर किल्ल्यांचा जुडगा आला. रानात मोजा आला. तो कोणाचा, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

इतक्यात फोन वाजला. कचेरीचे साहेब.

"त्यांना सांग, मला हलता येत नाही! मी कडा आहे!"

बायकोने शांतपणे फोनवर सांगितलं, "ते आत्ता कडा आहेत हो. तासाभरात माणसात येतील."

फोन ठेवून तिने मेजावरच्या कप-किल्ल्या-मोज्यावर एकदा नजर फिरवली. मग आत गेली आणि ताटं घेऊन आली. एक ताट नदीपलीकडे, एक टेकडीच्या पायथ्याशी. "आई, या, इथे बसा."

"अगं, लढाई चाललीय!" सेनापती किंचाळले.

"मेजावर ठेवलेलं उचलायचं नाही, असा नियम आहे ना?" असं म्हणून तिने सूपाचं पातेलंही पुलाशेजारी टेकवलं.

"ज्वालामुखी," मेहुण्याने निकाल दिला. "ताई, मलाही वाढ."

पण सेनापती डगमगले नाहीत! निळं घोडदळ त्यांनी ताटाला वळसा घालून थेट लाल निशाणापर्यंत नेलं. आता एकच फासा. सहा पडले की विजय! त्यांनी फासा फुंकला, घोळवला, फेकला. तो पातेल्यातल्या सूप वाढायच्या डावावर आपटला, उडाला आणि टुबुक्कन आईच्या वाडग्यात पडला!

"उचलू नका!" मेहुणा ओरडला. "मेजावरची वस्तू!"

आता सूप संपल्याशिवाय निकाल नाही.

"आई, फासा हलवू नकोस. आणि लवकर पी!"

"गरम आहे रे. लढाई तुझी, पण जीभ माझी भाजेल."

आई चमचा चमचा पिऊ लागली. मध्येच थांबून फुंकर घाली. सेनापतींचा जीव प्रत्येक चमच्याबरोबर वर जाई आणि खाली येई. वाडगा जरा उतरला तशी बायकोने विचारलं, "आई, अजून थोडं?"

"वाढ."

"नको!!"

सेनापतींचा आवाज इतका चिरका निघाला की डाव पातेल्यात परत गेला. अखेर तळ दिसला. फाशावर गाजराचा तुकडा बसला होता. आईने तो चमच्याने अलगद बाजूला केला.

सहा!

"जिंकलो! दोनशे वर्षांनी जिंकलो! मेज माझं!"

कोणी वर बघितलंही नाही. आई तोंड उघडून मेहुण्याला दुखरी दाढ दाखवत होती. "खाटेवर जेवून पाठीची पार वाट लागली होती," असं ती त्याही अवस्थेत सांगत होती. बायको कितीतरी दिवसांनी बसून जेवत होती.

"हो, तुमचंच मेज," ती मऊपणे म्हणाली. "वर्षभर शब्द काढणार नाही. पण तुम्ही जेवणार कुठे?"

सेनापतींनी मेजाकडे पाहिलं. सूपाचा वास नाकाशी आला. पोटात तर केव्हाचे नगारे वाजत होते.

मग शत्रूला अखेरपर्यंत हलवता न आलेला आपला तोफखाना त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक करून खिडकीत नेऊन ठेवला, आणि ताट पुढे ओढलं.