नवं कापड टोचतंय

शुक्रवार पेठेत गुरुबसप्पांचं कापडाचं दुकान. दुकानात तागे छताला टेकलेले, आणि घरात दीड वर्षाचा नातू बसू उघडाच फिरत होता. सून दाक्षायणी नुकतीच शिवणक्लास करून हुशार झाली होती. पोराला दोन झबली, दोन चड्ड्या शिवायला तिने सासऱ्यांकडे दोन वार पॉपलीन मागितलं. गुरुबसप्पांनी कपाळाला विभूती लावता लावता तिला शास्त्र ऐकवलं.

“पोराच्या अंगाला नवं कापड टोचतंय. ट्रंकेत बघ की. काय जुनं, मऊ हाय ते घे.”

दाक्षायणीने ट्रंकेतलं एकेक कापड गालाला लावून पाहिलं. सगळ्यांत मऊ निघाली एक पांढरी बाराबंदी. खांद्यावर विरलेली, काखेत उसवलेली, छातीवर पानाचा तांबडा डाग. सिद्धेश्वराच्या यात्रेला आपण दरसाल नवी बाराबंदी शिवतो, असं मामा, म्हणजे तिचे सासरे, पेठभर सांगत. म्हणजे ही टाकलेलीच असणार. तिने कात्री चालवली. बाराबंदीचे बंद झबल्यांना आयतेच मिळाले. डाग काही निघेना, म्हणून तो तिने पाठीवर घेतला.

सत्त्याहत्तर सालची संक्रांत आणि तिच्याबरोबर यात्रा दोन दिवसांवर आली तशी गुरुबसप्पांनी ट्रंक उघडली, उपसली आणि शेवटी उलटी केली.

“हितली बाराबंदी कुटं गेली?”

“ती जुनी व्हय, मामा? तिचीच तर झबली केली. तुमची नवी शिंप्याकडं असंल की.”

सासूबाई शरणम्मांनी तोंडाला पदर लावला. पंधरा वर्षं ही एकच बाराबंदी नीळ देऊन नवी होत होती, हे त्या एकट्याच जाणत होत्या. ओरडावं तर बढाई उघडी पडते, गप्प बसावं तर यात्रेला घालायचं काय? गुरुबसप्पांनी काळजावर दगड ठेवून स्वतःच्याच दुकानातला तागा फाडला.

यात्रेत ते नातवाला खांद्याशी धरून मोठ्या ऐटीत चालले होते. मागून त्यांचे जुने दोस्त निंगप्पा येत होते. पोराची पाठ नेमकी त्यांच्या नाकासमोर आली.

“गुरुबस, हा डाग माझ्या पानाचा हाय.”

दुष्काळाच्या सालच्या यात्रेत निंगप्पांची पिंक चुकून त्या बाराबंदीवर उडाली होती. ती फेकून द्यावी लागली, असं सांगून गुरुबसप्पांनी त्यांच्याकडून कोरं कापड वसूल केलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते गिऱ्हाइकाला विकलं होतं.

“तीन यात्रा उपरणं छातीला धरून का हिंडत हुतास, ते आता कळलं,” निंगप्पा शांतपणे म्हणाले. “माझं कापड परत दे.”

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. यात्रा सरल्यावर दुकानातून कापड निघालं, आणि निंगप्पांनी ते तसंच नेऊन दाक्षायणीच्या हातात ठेवलं. पोराला चांगलं काहीतरी शिव म्हणाले.

गुरुबसप्पांनी ते कापड चाचपून पाहिलं. त्यांचा जीव तुटत होता. “नवं हाय गं. टोचंल पोराला.”

“व्हय की,” दाक्षायणी विचारात पडली. “मग हे तुमाला ठेवते, मामा. तुमची नवी बाराबंदी कालच धुतलीया. लई मऊ झालीया.”

त्याच दिवशी बाराबंदी ट्रंकेतून दुकानाच्या तिजोरीत गेली. आणि लहान पोरांना नवंच कापड चांगलं, असं गुरुबसप्पा पेठेत सांगू लागले.